पाच नंबरची लाईन

अकोट
बुधवार, ता. १२ जून १९६८

प्रिय वामनराव,

जयभीम आणि नमस्कार, दोन्ही. दहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही आधी खालची सही शोधली असेल. मी देवमन. अकोटच्या पॉवर हाऊसमधला, बोर्डावरचे विजेचे खटके सांभाळणारा बोर्डवाला. तुमचा पत्ता गेल्या आठवड्यात हाती लागला आणि तेव्हापासून तीन कागद लिहून फाडले. हा चौथा. हा टपालात टाकणार आहे, म्हणून सावकाश लिहितो.

आधी घरचं सांगतो. आम्ही सगळे खुशाल आहोत. मनकर्णाचे गुडघे थंडीत धरतात, पण उन्हाळाभर तिनं शेवया केल्या, पापड केले, आणि मेव्हण्यानं शेंदूरजनाघाटाहून पाठवलेल्या संत्र्यांचा मुरंबा घालून बरण्या ठेवल्या आहेत. लेक ललिता वीस वर्षांची झाली. तिनं नकाशे काढायचा कोर्स पहिल्या वर्गात पुरा केला. तिची रेघ तुम्ही पाहाल तर खूष व्हाल. हात जरासुद्धा हलत नाही. मी अजून भगवंतरावांच्याच कापसाच्या जिनात आहे, विजेचा फिटर म्हणून. पॉवर हाऊस मात्र आता नाही. सहा वर्षांमागे गावात बाहेरची वीज आली, खांब बदलले, आणि आपली दोन्ही इंजिनं भगवंतरावांनी मोडीत दिली. त्या खोलीत आता सरकीची पोती असतात. मी कधी आत गेलो तर भिंतीवर बोर्डाचे खिळे दिसतात, आणि आपण दोघं तिथं उभे राहून किती बोलायचो ते आठवून बरं वाटतं. तक्रार अशी काही नाही. आयुष्य चांगलं चाललं आहे, आणि चांगलं चाललं आहे म्हणूनच हे लिहायचं धाडस होतं.

तुम्ही आलात तेव्हा, छप्पनच्या उन्हाळ्यात, मी बोर्डावर सहा वर्षं जुना होतो. अमरावतीचा डिप्लोमावाला पोरगा येणार म्हणून ऐकलं होतं. वाटलं होतं, येईल, खुर्ची मागेल, हुकूम सोडेल. तुम्ही आलात ते बाह्या सरसावून इंजिनाखाली शिरलात. मी साहेब म्हणालो तर म्हणालात, वामनराव म्हणा, नाहीतर मी तुम्हाला देवमनराव म्हणेन. त्या वर्षी ऑक्टोबरात मी धम्मदीक्षेला नागपूरला जायचं म्हणून तीन दिवसांची सुट्टी मागितली. भगवंतराव म्हणाले, हंगामाच्या तोंडावर बोर्ड कोण पाहणार. तुम्ही म्हणालात, मी पाहतो. तीन संध्याकाळी तुम्ही स्वतः माझ्या स्टुलावर बसलात. मी परत आलो तेव्हा विचारलंत, किती लोक होते हो? मी सांगत बसलो आणि तुम्ही ऐकत बसलात. पुढे मनकर्णा म्हणाली, त्याईले जेवाले काहून नाही बोलवत? मी म्हटलं, येतील का माहीत नाही. तिनं मला वेड्यात काढलं. तुम्ही आलात, मांडी घालून बसलात, भाकर आणि ठेचा मागून घेतलात, आणि त्याबद्दल पुढे कुठे एक शब्द काढला नाहीत. त्या काळी अकोटात ही किती मोठी गोष्ट होती ते तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही ती मोठी होऊ दिली नाही.

आता पेटीचं. भिंतीवरचा तो कागद तुम्हाला आठवत असेल. आपल्या बोर्डातून पाच लाईनी निघत: जिन, बाजार, पेठ, रस्त्याचे दिवे, आणि पाच नंबर, म्हणजे गोदामं आणि त्यापलीकडची नवी वस्ती. हंगामात संध्याकाळी जिनही चालू आणि गावाचे दिवेही लागलेले, तेव्हा इंजिनांना तेवढा भार पेलत नसे. मग एकेक लाईन सोडावी लागे, म्हणजे तिची वीज तोडावी लागे. आधी कोणती, मग कोणती, तो क्रम कागदावर लिहिलेला. कधी पेठेत लग्न, कधी बाजारात जत्रेची दुकानं, की कागद बदलायचा. मी रोज दिवे लावण्याआधी कागद मोठ्यानं वाचायचो, वाचता वाचता त्या त्या खटक्याला हात लावायचो, आणि वेळ आली की हातानं लाईन सोडायचो. माझा त्याच्यावर भारी जीव. पण खरं ते खरं, सत्तावनच्या फेब्रुवारीत एकदा मी पाणी प्यायला उठलो आणि तेवढ्यात भार चढला, दोन्ही इंजिनं बसली, आणि सगळं गाव अर्धा तास अंधारात राहिलं. त्यावरून तुम्ही पेटी बनवायची ठरवली. जुन्या मोटारीच्या गुंडाळ्या, पितळी खुंट्या, घड्याळजीकडची स्प्रिंग. उन्हाळाभर आपण दोघं तिच्यामागे होतो. भार वाढला की पेटी आपोआप लाईन सोडणार, खुंट्या ज्या क्रमानं लावल्या त्याच क्रमानं, माणसाची पापणी लवायच्या आत. पहिल्यांदा तिनं बिनचूक लाईन सोडली तेव्हा तुम्ही जिलेबी मागवलीत. मीही मनापासून खाल्ली. पेटी माझ्यापेक्षा चांगलं काम करत होती, हे मला तेव्हाही कबूल होतं.

एकच शंका मी विचारली होती. मी म्हटलं, वामनराव, कागद बदलला तं पेटीले कोन सांगन? तुम्ही हसून म्हणालात, आपणच सांगायचं. कागद बदलला की पेटी मिनिटभर बंद करायची, खुंट्या नव्या क्रमानं लावायच्या, पुन्हा चालू करायची. पण ते मिनिटभर बंद ठेवणं तुम्हाला खुपत होतं. तेवढ्यात भार चढला तर? म्हणून तुमच्या डोक्यात पुढची कल्पना आली, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीची. नवी पट्टी सरकवली की पेटी स्वतःच ती वाचेल आणि चालता चालता खुंट्या फिरवेल, बंद करायला नको, माणूस मध्ये नको. मी म्हटलं, चुकीची पट्टी लागली तं? खुंटी हातात घेतली का मानूस एक डाव इचार करते. तुम्ही म्हणालात, माणूस विसरतो पण. यावर आपण कितीतरी संध्याकाळी वाद घातला, चहा थंड होईपर्यंत. तो वाद गोड होता. त्यात तुमची किंवा माझी हार व्हावी असं कुणालाच वाटत नव्हतं.

ते गोडपण गेलं दिवाळीनंतर. बाजाराचा क्रम बदलला म्हणून मी नेमानं पेटी बंद केली आणि खुंट्या काढल्या. नेमका त्याच मिनिटाला भार चढला आणि मोठा फ्यूज उडाला. जिन अर्धा तास थांबली. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. भगवंतराव आले आणि आधी तुम्हाला बोलले, इंजिन माह्यं, जिन माही, अन् तुमचे खेळ तुमी माह्या पैशावर करता का? तुम्ही पांढरे पडला होता. ते गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. जिनातल्या बाया दारात उभ्या होत्या, तेलवाला होता. तुम्ही म्हणालात, यापुढे मी सांगितल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. तुमचं काम कागदापुरतं.

बस्, एवढंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखे बोललात, तुमच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र ते वाक्य बसलं. सात वर्षं मी तो बोर्ड हाताच्या बोटांसारखा ओळखत होतो. साऱ्या लोकांसमोर कागदापुरतं. मी घरी बोललो नाही, तुम्हाला बोललो नाही. खुंट्या तुम्ही स्वतः लावू लागलात आणि मी नुसता कागद लिहू लागलो. वाद घालणंही सोडलं. तुम्ही पट्टीचं काही दाखवायला आलात की मी नुसतं हो म्हणायचो. माझ्या त्या हो मध्ये काय होतं ते तुमच्या ध्यानात आलं नसावं.

अठ्ठावनच्या जानेवारीत माणिकबाईंनी आपलं सूतिकागृह पेठेतून हलवलं आणि नव्या वस्तीत नेलं. म्हणजे पाच नंबरवर. आणि पाच नंबर पेटीत सगळ्यात आधी सुटायची, कारण तोवर त्या लाईनीवर गोदामांशिवाय फारसं काही नव्हतं. त्या सकाळी तुम्हाला अकोल्याची बस धरायची होती. पट्टीच्याच कामासाठी लागणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या आणायला निघाला होता. पिशवी खांद्याला, एक पाय दाराबाहेर, आणि तुम्ही म्हणालात, देवमन, सूतिकागृह तिकडे गेलं, पाच नंबर शेवटी घ्या. मी म्हटलं, घेतो. तुम्ही गेलात.

वामनराव, तुम्ही शेवटी घ्या म्हणालात. कागदावर घ्या, असं म्हणाला नाहीत. मला तुमचं म्हणणं पुरतं कळलं होतं. मी स्टुलावर बसलो, दौत घेतली, कागदावर पाच नंबर खोडून शेवटी लिहिला, सुवाच्य लिहिला, खाली तारीख टाकली. मग पेटीकडे पाहिलं. पितळी खुंटी पहिल्याच भोकात होती. हात उचलला की होत होतं. आणि माझ्या मनात आलं, आपलं काम कागदापुरतं. परत आले की पाहतील, आणि मग विचारतील, तेव्हा आपण तेच वाक्य त्यांना ऐकवू. त्या उत्तराची मी दिवसभर मनातल्या मनात तयारी करत होतो. दुपारी जेवताना करत होतो. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी कागद वाचला तेव्हाही माझी नजर पेटीवरून गेली, आणि मी ती पुढे जाऊ दिली.

पावणेसातला धाकट्या इंजिनाचा पट्टा घसरला. पेटी वाजली आणि पाच नंबर सुटली. पेटीनं काही चूक केली नाही. तिला शेवटचं जे सांगितलं गेलं होतं ते तिनं इमानानं केलं. मी धावत जाऊन हातानं पाच नंबर लावली. पेटीनं पुन्हा सोडली. पुन्हा लावली, पुन्हा सोडली. भिंतीवर माझ्याच अक्षरात पाच नंबर शेवटी, आणि समोर पेटी तिला सगळ्यात आधी टाकून राहिली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा पेटी सोडायच्या आत मोठं इंजिनच धापा टाकत बसलं आणि सगळं गाव विझलं. मग मला सुचलं की पेटी बंद करावी, जिन तोडावी, आणि इंजिन सुरू करून पाच नंबरला वीज द्यावी. हे पहिल्या झटक्यात सुचायला हवं होतं. सगळं मिळून अकरा मिनिटं गेली. मधेच सूतिकागृहातला माणूस सायकल टाकून ओरडत आला की आत अडलेली बाई मोकळी झाली, पण रक्त थांबत नाही, माणिकबाईंना टाके दिसत नाहीत. मी त्याला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. हात काम करत होते एवढं आठवतं.

ती बाई म्हणजे शकुन, शेषराव शिंप्याची बायको. माणिकबाईंनी सायकलचा दिवा आणि एक बॅटरी यांच्या उजेडात टाके घातले. मुलगी झाली, दोघी वाचल्या. पण शकुनचं रक्त फार गेलं आणि पुढे चार महिने ती अंथरुणाला होती.

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांच्या ओसरीवर काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही सकाळच्या बसनं आलात, खोलीत गेलात, कागद पाहिला, पेटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ओसरीवर भगवंतरावांनी विचारलं, हे कोनाचं काम होतं? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, खुंट्या लावणं माझं काम. कागद दुरुस्त करायला सांगितला आणि घाईत पेटी माझ्याकडून राहिली. भगवंतरावांनी तुम्हाला महिना संपला की पुन्हा कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं. मी खांबाला टेकून उभा होतो. माझ्या घरात तेव्हा आई होती, मनकर्णा होती, तीन पोरं होती. हे मी स्वतःला नंतर कितीदा तरी सांगितलं. पण त्या घडीला पोरंबिरं मनात नव्हती. नुसती भीती होती, आणि सुटलो असं वाटलं.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमची ट्रंक घेऊन बसस्टँडवर आलो होतो. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, देवमन, विसरणं माणसाच्या हातून होतं. मनाला लावून घेऊ नका. बस सुटेपर्यंत मी तिथं होतो. आणि तुम्ही माझ्याबद्दल करून घेतलेला तो भला समज मी तसाच तुमच्याबरोबर जाऊ दिला. वामनराव, मी विसरलो नव्हतो. हे वाक्य लिहायला दहा वर्षं लागली. मला दिवसभर आठवण होती. खुंटी मी मुद्दामच तशी राहू दिली.

तुम्ही गेल्यावर भगवंतराव पेटी काढून टाका म्हणाले. मी हात जोडले आणि ठेवून घेतली, कारण दोष तिचा नव्हता. मी भिंतीवरचा कागद काढला. पेटीच्या खुंट्यांवरच रंगानं लाईनींची नावं लिहिली आणि ठरवलं की क्रम काय तो पेटीत, दुसरीकडे कुठे लिहायचाच नाही. कुणाला पाहायचा असेल त्यानं पेटीपुढे येऊन पाहावा. बदलायचा असेल तर आधी जिनात सांगायचं, मिनिटभर यंत्रांवरचा भार कमी करायचा, मग पेटी बंद करून खुंटी हातानं हलवायची आणि नवा क्रम मोठ्यानं म्हणायचा. भगवंतराव ते मिनिट देईनात. मी म्हटलं, मालक, ती अकरा मिनिटं आठवा. मग दिलं. पुढची चार वर्षं, वीज येईपर्यंत, एकदाही घोटाळा झाला नाही. तुमची पट्टी झाली असती तर कदाचित याहून छान झालं असतं. मी आता तो वाद तुमच्याशी पुन्हा घालायला तयार आहे, आणि या वेळी अर्धा तुमच्या बाजूनं आहे.

साठ साली मी शकुनकडे गेलो. तिची मुलगी अंगणात चिंचोके खेळत होती, आता ती पाचवीत जाईल. मी शकुनला सगळं सांगितलं. शेषरावही मशीन थांबवून ऐकत होता. मला वाटलं होतं शिव्या पडतील. तिनं पोरीला हाक मारून जवळ घेतलं. मग म्हणाली, भाऊ, मले सांगून काय होते? माही पोरगी धडधाकट आहे, मी हिंडून फिरून राहिली. ज्याची नोकरी गेली त्याले सांगा. मी हो म्हणालो आणि घरी आलो. तुम्ही कुठे आहात याची चौकशी मी अकोल्यात दोनदा केली. खरं सांगतो, फार जोरात केली नाही. अमरावतीत विजेच्या कचेरीत मोठ्या जागेवर आहात असं एकदा उडत कानावर आलं, आणि मी मनाशी म्हटलं, बरं झालं, त्यांचं चांगलं झालं, आता उकरायचं कशाला. असं म्हणून आठ वर्षं निघाली.

गेल्या बुधवारी ललिताच्या नावानं अमरावतीच्या त्याच विजेच्या कचेरीचं पाकीट आलं. नकाशे उतरवणारी ट्रेसर म्हणून नेमणूक झाली आहे, सोमवारी सतरा तारखेला साडेदहाला हजर व्हायचं. घरात सगळे नाचत होते. मी कागद हातात घेतला आणि खाली सही पाहिली. नाव वाचायची गरजच नव्हती. पेटीच्या नकाशांवर तीच सही मी शंभरदा पाहिली होती. तिच्या अर्जावर बापाचं नाव आहे, गाव आहे. तुम्ही नेमणूक करताना ते वाचलं असेल किंवा नसेल. पण ती तुमच्या समोर येऊन उभी राहील तेव्हा तुम्ही तिला बापाबद्दल विचारालच, आणि चांगलंच बोलाल. ते बोलणं माझ्या खोट्यावर उभं राहायला नको. काल मी तिला बसवून सगळं सांगितलं. मनकर्णालाही आधी कधी सांगितलं नव्हतं, तिनंही तेव्हाच ऐकलं. ललितानं दोनच प्रश्न विचारले, शकुनकाकू पुऱ्या बऱ्या झाल्या ना, आणि साहेबांना हे माहीत आहे का. मी म्हटलं, सोमवारी तूच चिठ्ठी घेऊन जा. तर म्हणाली, बाबा, मी नाही नेत. तुमी टपालानं टाका. मी जायच्या आधी ते त्याईच्या हातात पडलं पाह्यजे. म्हणून हे पत्र आजच्या टपालात जात आहे, शुक्रवार-शनिवारपर्यंत तुमच्याकडे पोचेल. वाचून तिला दुसऱ्या साहेबाच्या हाताखाली द्यावंसं वाटलं तर खुशाल द्या. तिची तयारी आहे, माझीही आहे. माझ्या वागण्याचं माप तिला लावू नका, एवढंच मागतो. तिला काम चोख येतं, आणि न पटलेलं ती तोंडावर सांगते. सोमवारी पहाटे साडेपाचच्या बसनं ती निघेल. मी तिला बसमध्ये बसवून देईन. तुमच्या दारापर्यंत मात्र तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही.

तुमचाच,
देवमन